आत्याच्या खांद्यावरची रेघ

आमच्या घरात फूटपट्टी आली ती माझ्यासोबत, मी पाचवीत गेलो तेव्हा. त्याआधी तिच्यावाचून घराचं काही अडलं नव्हतं. दोरी हातानं मोजायची, खड्डा वितीनं आणि कांद्याचं रोप बोटांनी. देऊळघाटला आमचं अडीच एकर वावर होतं, त्यात विहीर, विहिरीवर मोटर आणि बारा महिने भाजीपाला. वांगी, मेथी, मुळे, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाहेरगावी शिकायला गेल्यावर या शब्दावरून मुलं हसली तेव्हा मला कळलं की हा शब्द सगळीकडे चालत नाही. हिवाळा लागला की कांद्याची लावण. ओल्या वाफ्यात बायका ओळीनं बसायच्या, डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताचा अंगठा मातीत खुपसून रोप उभं करायच्या, मग चार बोटं आडवी टेकवून पुढची जागा. चार बोटं, अंगठा, रोप. चार बोटं, अंगठा, रोप. बोलणं चालूच असायचं. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या म्हशीचं, आणि हात मात्र घड्याळासारखे पुढे सरकत असायचे.

या कामात आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, एक कडक नियम होता. एका वाफ्यात एकच बाई. कारण बोटं सगळ्यांची सारखी नसतात. दोघींनी मिळून एक वाफा लावला की अर्धा दाट आणि अर्धा विरळ होतो, आणि दाट लागलेला कांदा लिंबाएवढाच राहतो. त्यातही अंजनाआत्या ही आबांची खास अडचण. आत्या आबांची धाकटी बहीण, चणीनं इतकी लहान की मी आठवीत असतानाच तिच्या डोक्यावरून माझी नजर पलीकडे जायची. तिची बोटं तर शेंगांसारखी बारीक. तिच्या चार बोटांत बाकीच्या बायकांची तीनच भरत. म्हणून लावणीला सुरुवात करताना आबा बांधावरून ओरडून सांगायचे, "बायाहो, चार बोटं. अंजने, तू पाच." दरवर्षी हेच, आणि दरवर्षी बायका हसायच्या. आत्याही हसायची आणि म्हणायची, "दादा, देवानं हात देताना कमी माप टाकलं, मी काय करू?"

आत्याला सुलतानपूरला दिली होती. दोन वर्षांत ती परत आली. का आली ते घरात कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून वावराचा अर्धा भार तिच्यावर होता, खरं तर अर्ध्याहून जास्त. सकाळी मी जागा व्हायचो तो दोन आवाजांनी. एक, माय भाकर थापायची त्याचा, आणि दुसरा, विहिरीच्या थारोळ्यात आत्या मुळे धुवायची त्याचा. थारोळं म्हणजे मोटरीचं पाणी पडतं ते दगडी टाकं. मुळ्याची जुडी पाण्यावर आपटून माती झाडताना थप थप असा आवाज यायचा. मग ती चुलीपाशी यायची, हात गारठून लाल झालेले, आणि परातीतली पहिली भाकर, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल, एवढं उभ्या उभ्या खाऊन टोपली उजव्या खांद्यावर घेऊन बुलडाण्याच्या बाजाराला निघायची. इतर बायका टोपली डोक्यावर घेत. आत्या म्हणायची, डोक्यावर घेतली तर मी आणखी बुटकी दिसते.

मी दहावीला चांगले मार्क मिळवले तेव्हा आबांच्या मनात होतं की पोरानं आता वावर पाहावं. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. माणूस कमी पडत होतं. आत्या जेवता जेवता एवढंच म्हणाली, "वावर माह्यावर सोडा. पोराले जाऊ द्या." आबांनी मान वर केली. "अन् तुह्यानं झालं नाही तं?" "झालं नाही तं तवा पाहू." एवढ्यावर माझं कॉलेज ठरलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि आमच्या आळीतला पहिला डॉक्टरही मीच. हे मी अभिमानानं लिहितो. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि ते माझ्या एकट्याच्या जोरावर झालं असंही नाही.

मेडिकलला गेल्यावर पहिल्याच वर्षी शरीररचना शिकताना मला आमच्या बोलीची एक गंमत कळली. आमच्याकडे रक्तवाहिनी असो, स्नायूचा दोर असो की मज्जातंतू, सगळ्याला नसच म्हणतात. नस चढली, नस दबली, नस तुटली. विच्छेदनाच्या टेबलावर पहिल्यांदा मी मज्जातंतूंच्या खऱ्या नसा पाहिल्या. खांद्याच्या भागात त्या मानेतून पाच मुळांनी निघतात, एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात, आणि काखेत उतरतात. त्यातली एक काखेतून मागे वळते, दंडाच्या हाडाच्या मानेला मागून वळसा घालते आणि खांद्यावरच्या त्रिकोणी स्नायूच्या आतल्या बाजूनं पट्ट्यासारखी आडवी पुढे येते. आम्ही तिला अ‍ॅक्सिलरी म्हणायचो. हात बाजूला उचलायचा तर हा स्नायू हवा, आणि स्नायूला हुकूम हवा तो हिचा. जाडीला सुतळीएवढी. बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि खांद्याचं ऑपरेशन करणाऱ्याची सुरी नेमकी तिच्या वाटेवर येते. आमचे हाडांचे सर सांगायचे, खांद्याच्या टोकाच्या हाडापासून खाली चार बोटं. त्याच्या खाली स्नायू फाकवायचा नाही. ते वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

इंटर्नशिपच्या वर्षी माझी ड्यूटी हाडांच्या वॉर्डात होती. तेव्हाच एका सकाळी आत्या थारोळ्याच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. निरोप आला तसा मी मिळेल त्या एस.टी.नं घरी गेलो. आत्या ओसरीत बसली होती, डाव्या हातानं उजवा हात धरून, चेहरा पांढरा. आबांनी हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावणं धाडलं होतं. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं आणि मनगटाचं, घोट्याचं तो बरं बसवायचा, हे मीही नाकारत नाही. पण खांद्याला तो काखेत टाच देऊन हात ओढायचा. मी आत्याचा खांदा पाहिला, दंड पाहिला, आणि मला कळलं की हे सांध्यातून निखळलेलं नाही, सांध्याच्या खाली हाड मोडलेलं आहे. त्याला ओढलं तर मोडकी टोकं त्या सुतळीएवढ्या नसेत घुसतील.

"आबा, त्याला हात लावू द्यायचा नाही. ऑपरेशन करावं लागेल. मी घेऊन जातो."

"चिरायचं?" आबा म्हणाले.

"हो. हाडावर धातूची पट्टी बसवावी लागेल."

"अन् हात पहिल्यासारखा होईन का?"

"होईल. मी आहे ना तिथं."

हे शेवटचं वाक्य मी किती सहज बोललो होतो ते आता लिहिताना जाणवतं. आबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "शिकवला तं त्याचं ऐकाच लागते ना दादा. नाही तं शिकवला काऊन?" म्हाताऱ्याला अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं. गावात त्याची चर्चा झाली, व्हायचीच.

वॉर्डात आत्या दोन दिवसांत सगळ्यांची आत्या झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं वांग्याचं भरीत करताना तेलात लसणासोबत कांद्याची पात कधी टाकायची ते समजावलं, आणि सिस्टरला विचारलं की इथली वरणाची डाळ शिजवतात का नुसतीच दाखवतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला सांगितलं, "सुधाकर, उद्या पाच केसेस आहेत. तुझ्या आत्याच्या खांद्यावर खुणा काढून ठेव. टोकाचं हाड, छेद, आणि खाली मज्जातंतूची रेघ." सर शिस्तीचे होते आणि हे काम ते सहसा कोणाला देत नसत. मला मोठा मान वाटला. मार्कर घेऊन मी आत्याच्या खाटेवर बसलो. टोकाचं हाड चाचपलं, गोल काढला. मग माझी चार बोटं आडवी टेकवली, आणि करंगळीच्या खाली रेघ ओढली.

आत्या मान वळवून पाहत होती. "काय मोजून राह्यला रे?"

"इथून चार बोटांवर एक नस आहे. तिला धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून खूण."

"कोणाची बोटं?"

"चार बोटं म्हणजे चार बोटं."

"तुही बोटं पाह्य, फावड्यासारखी." तिनं डाव्या हाताची चार बोटं तिथंच टेकवली. तिची करंगळी माझ्या रेघेच्या बरीच वर संपली. "माह्यावाली तं अठीच सरली. नस माही हाय ना?"

मी हसलो. आणि जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आत्या, तुला पाच धरावी लागतात. आबा सांगत नाहीत का दरवर्षी?"

तीही हसली. खाट हलेपर्यंत हसली, आणि मग खांदा दुखला म्हणून गप्प झाली. रेघ तिथंच राहिली.

मला आज कोणी विचारलं की तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती, तर मी हे वाक्य सांगेन. कांद्याला अंतर सगळीकडे सारखंच लागतं, म्हणून आत्याची बोटं कमी धरून पाचवं बोट वाढवायचं. शरीराला तसं चालत नाही. लहान चणीच्या माणसाचं हाड आखूड, स्नायू आखूड, आणि ती नसही तेवढीच वर. तिच्या नसेला तिचीच बोटं बरोबर होती. मी वावरातला हिशेब उचलून तिच्या अंगावर लावला, आणि तोही शिकलेला माणूस म्हणून, तिला समजावण्याच्या सुरात. सेंटिमीटरची पट्टी माझ्या एप्रनच्या खिशात होती. ती काढायची गरज मला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर तिसरा होता. मी हात धुऊन सरांच्या समोर उभा राहिलो. सरांनी छेद घेतला, स्नायूचे धागे उभे फाकवले, आणि खाली माझ्या रेघेच्या जरा वर एक टाका घातला. हा टाका कुंपणासारखा असतो. स्नायू फाकवताना फट खाली वाढत जाऊ नये, इथं थांबावी, म्हणून. मग मी दोन्ही बाजूंनी स्नायू ओढून धरला आणि सर हाडाचे तुकडे जुळवू लागले. थोड्या वेळानं पट्टी बसवण्याआधी त्यांनी बोट स्नायूच्या आत खाली सरकवलं, नस कुठे आहे ते बघायला. बोट मध्येच थांबलं. पुन्हा बोट फिरवलं, वर, खाली. मग म्हणाले, "ओढू नकोस. हळूच सोड."

मी सोडलं.

"रेघ कोणाच्या बोटांनी काढलीस?"

"माझ्या, सर."

भूल देणाऱ्या मॅडमनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या यंत्राकडे. सर म्हणाले, "बोट घाल. दाबायचं नाही. नुसतं ओळख." मी बोट घातलं. टाक्याच्या वर, फाकवलेल्या फटीच्या काठावर, ताणलेल्या दोरीसारखं काही तरी आडवं होतं. विच्छेदनाच्या टेबलावर मी ती नस हातात घेतली होती, पण ती कोरडी, मेलेली होती. ही ओली होती, कोमट होती, आणि ती आत्याची होती. सरांनी तो टाका काढला, दोन बोटं वर घातला, आणि पट्टी त्या नसेच्या खालून अलगद सरकवून बसवली. पुढचं काम त्यांनी फार सावकाश केलं. शेवटी मास्क काढताना म्हणाले, "तुटलेली नाही. ताणली गेली आहे. किती ताणली गेली, ते बाई शुद्धीवर आल्या की कळेल. आधी बोट घालायचं, मग फाकवायचं. आज मी उलटं केलं, कारण रेघ आयती मिळाली होती."

संध्याकाळी मी कापसाचा बोळा घेऊन तिच्याजवळ गेलो. त्या नसेची एक फांदी खांद्याच्या बाहेरच्या कातडीला, तळहाताएवढ्या जागेला जाणीव देते. मी आत्याला डोळे मिटायला सांगितलं. मानेवर लावला, "हाव, समजलं." कोपरावर लावला, "हाव." खांद्याच्या बाहेरच्या बाजूला लावला. ती गप्प. पुन्हा लावला. "लाव ना रे," ती म्हणाली, "किती वेळ लावून राह्यला?" मग कोपराशी हात धरून तिला कोपर बाहेर ढकलायला सांगितलं, आणि दुसऱ्या हाताची बोटं खांद्यावरच्या स्नायूवर ठेवली. स्नायू नुसता पडून होता, ओल्या फडक्यासारखा.

सरांना सांगितलं. सर म्हणाले, "त्यांना तू सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो."

"मग पूर्ण सांग. रेघ तुझी होती, पण सुरी माझी होती. दोन्ही सांग. निम्मं सांगू नकोस."

मी तीन दिवस सांगितलं नाही. आबा भेटायला आले तेव्हा म्हणालो, सूज आहे, उतरली की हात हलेल. सूज होतीच, त्यामुळे ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचत राहिलं. चौथ्या दिवशी मायनं पातोडीची रस्साभाजी पाठवली होती. आत्याला डाव्या हातानं भाकर मोडता येईना म्हणून मी घास करून देत होतो. तिसऱ्या घासाला ती म्हणाली, "तुह्या तोंडाले काय झालं? चार दिवस झाले, मेल्यासारखं करून बसते."

मग मी सांगितलं. रेघ, टाका, बोट, नस. सरांचं वाक्यही सांगितलं. घास तिच्या हातात तसाच होता.

"म्हणजे हात जाईन?"

"बहुतेक परत येईल. तुटली असती तर गोष्ट वेगळी होती. ताणलेली नस झोपते आणि मग उठते. दोन महिने, तीन महिने, जास्तही लागतील. नक्की येईलच असं मला सांगता येत नाही."

"टोपली?"

"आता नाही."

ती खिडकीकडे पाहत राहिली. शेजारची बाई झोपल्याचं सोंग करून ऐकत होती. मग आत्या म्हणाली, "मी सांगितलं होतं तुले, माही बोटं अठी सरतात म्हणून."

"हो."

"तू हासला."

"हो."

"मीबी हासले," ती म्हणाली. मग हातातला घास तोंडात टाकला आणि चावून गिळला. "दादाले तूच सांग. माह्यावर नको टाकू ते."

आबांना मी वावरात सांगितलं, बांधावर बसून. ते मोटरीच्या पेटीपाशी उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाच बोटं मीच शिकवलं होतं." एवढंच. मला वाटलं ते चिडतील, म्हाताऱ्या हाडवैद्याचं नाव काढतील. ते काम गावानं केलं, आणि बरेच दिवस केलं. चिरून पाहिलं अन् हात गमावला, डॉक्टर पोरानंच आत्याचा हात नेला. चावडीपाशी बसलेल्या एकानं मला समोरासमोर विचारलं, "काय डॉक्टर, नस सापडली का?" मी म्हणालो, सापडली, पण उशिरा. खोटं बोलून सुटता येण्यासारखं तिथं काही नव्हतं.

त्याच वर्षी मी ठरवलं की मी सर्जन होणार नाही. सरांना हे पटलं नाही. ते म्हणाले, ज्याला एकदा भीती कळली तोच चांगला सर्जन होतो. कदाचित ते बरोबर असतील. पण मला वाटत होतं की चूक थिएटरमध्ये झाली तरी ती आधीच शिकून आलेली असते. म्हणून मी शरीररचनेकडे गेलो आणि तीस-बत्तीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं. आता पुस्तकांत बोटांऐवजी सेंटिमीटर दिलेले असतात, आणि मुलांना ते पाठ असतात. मी त्यांना बुटक्या माणसाचा आणि उंच माणसाचा असे दोन खांदे शेजारी शेजारी उघडून मोजायला लावायचो. पट्टी धरली की त्यांचे चेहरे बदलायचे. शिवाय हात बाजूला उचलला की तीच नस टोकाच्या हाडाच्या आणखी जवळ सरकते, हेही मी त्यांना दाखवायचो. टेबलावर हात कसा ठेवला आहे ते न पाहता खूण करणारा विद्यार्थी मला कधी चालला नाही. मुलं मला खडूस म्हणायची. माझ्या कानावर यायचं ते. मी कधी कोणाला नापास करून आनंद मानला नाही, पण ज्यानं न मोजता उत्तर दिलं त्याला बसवून पुन्हा मोजायला लावलं, हे खरं आहे.

त्या हिवाळ्यात मात्र मी दर रविवारी घरी जायचो. आत्याच्या खांद्याचा गोलपणा हळूहळू गेला. स्नायू वाळला की टोकाचं हाड वर दिसतं आणि त्याच्या खाली खळगा पडतो. पोलक्याच्या बाहीतून तो खळगा दिसायचा. हाड छान जुळलं होतं, कोपर, मनगट, बोटं सगळं चालत होतं, फक्त हात बाजूला उठत नव्हता. तिनं डाव्या हाताचा संसार मांडला. मेथीची जुडी बांधताना दोरा दातात धरायची. कांद्याच्या लावणीला ती वाफ्यात बसली नाही. बांधावर बसून बाकीच्यांना बोलत राहिली, आणि आबांनी त्या वर्षी बांधावरून काही ओरडून सांगितलं नाही. बाजाराला ती जात होती, पण टोपली शेजारची शांता उचलून द्यायची. मला तेच सगळ्यात जड जायचं. माझ्या दहावीच्या वेळी तिनं जो खांदा पुढे केला होता, तो मी मोजायला बसलो होतो.

दर रविवारी जेवण झालं की ती ओसरीत भिंतीला टेकून बसायची आणि न सांगता पदर खांद्यावरून सरकवायची. मी एका हातानं तिचं कोपर धरायचो, दुसऱ्या हाताची बोटं त्या खळग्यात ठेवायचो. "ढकल." ती ढकलायची. काही नाही. "पुन्हा." काही नाही. मग ती पदर सारखा करायची आणि विचारायची, चहा घेशील का. कापसाची जाणीव दुसऱ्या महिन्यात थोडी थोडी परत आली, कडेकडेनं, पण स्नायू उठेना. सहा रविवार झाले, आठ झाले, दहा झाले. सर म्हणाले, आणखी महिनाभर थांब, मग विजेची तपासणी करू. अकराव्या रविवारी माझी नेहमीची एस.टी. चुकली आणि मी उशिरा पोचलो. माझं जेवण झाकून ठेवलं होतं. मी जेवलो. आत्या येऊन बसली.

"ढकल."

माझ्या बोटांखाली काही तरी झालं. इतकं बारीक, की खरंच झालं की नुसतं मला वाटलं, ते कळेना. "पुन्हा." या वेळी शंका नव्हती. खळग्याच्या मागच्या काठाला, खोलवर, कातडीखालून कोणी तरी एक टिचकी मारावी तसं.

"पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा आलं. माझे डोळे भरले होते आणि मी मान खाली घातली होती. ती माझ्याकडे पाहत होती, हे मला न पाहता समजत होतं.

"आलं ना?" ती म्हणाली.

"आलं. आत्या, आलं ते. तुला कळलं?"

"मले बुधवारपासून समजून राह्यलं. पाणी काढताना हाललं होतं."

"मग सांगितलं काऊन नाही? आबांनाही नाही?"

"नाही."

"काऊन?"

आत माय भांडी घासत होती, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून आत्यानं आवाज खाली आणला.

"दहा रविवार तू हात लावून रिकामाच जात होता. म्हटलं, पहिले त्याच्या हाताले लागू दे. मंग सांगू बाकीच्याले." मग तिनं खांदा थोडा झटकला. "आता बोटं काढ. चार दिवसांचं लेकरू हाय ते, असं दाबू नको. अन् दादाले हाक मार."